रोशनीची पाठवणी आणि आतले कब्जे

माहा जनम अड्याळजवळच्या एका खेड्यातला, घरी धानाची शेती, बांधीत पाय टाकला का गुडघ्यापर्यंत चिखल, आन मले लहानपनापासून चिखलाचा लगित कंटाळा. माहा बाप म्हने, धानाच्या घरात जनमला आन चिखलाले किळस करते, हा पोट्टा कोनाचा हाये रे बापा. माय नुसती हासे. मंग सतराव्या वर्षी भंडाऱ्याले एका उस्तादाजवळ डेंटिंगच्या कामाले लागलो, म्हनजे गाडीचा ठोकर खाल्लेला पत्रा सरळ करनं, जोडनं, आन तिथी मले समजलं का आपला हात लोखंडावर चालते. लोखंड कसं, कोरडं राहते, जसं मारसान तसं वाकते, खोटं बोलत नाई. आता कारध्याले पुलाच्या अलीकडे माहं स्वतःचं दुकान हाये, समोर शेड, मांगं घर, तीस वरसं होऊन राहिले त्याले. लोकं मले डोमा मिस्त्री म्हनतात. तोंडाचा फाटका हाये असं बी म्हनतात, आन ते खरंच हाये, काम सुरू असताना गिऱ्हाइकानं मधात बोट घातलं का माहं डोकं फिरते. तुमी लिहूनच राहिले तं हे बी लिहा, मले काई राग नाई.

घरी शेवंता, म्हनजे माही बायको, आन एकच पोरगी, रोशनी. एकच. तिच्या मांगं देवानं काई देल्लं नाई आन आमीनं मांगतलं बी नाई. शेवंता म्हने, तुमी साऱ्या जगावर ओरडता आन पोरीसमोर मांजर होता. हव, होतो. का सांगू तुमाले, ते लहान होती तवा वेल्डिंगचा उजेड पाहाची हौस तिले, आन मी काम सोडून तिच्या डोळ्यावर हात धरून बसो, गिऱ्हाईक बोंबलून राहिलं तरी.

आता गाडीचं सांगतो, तुमी गाडीचंच इचाराले आले. ते गाडी बळीराम काकाची, अड्याळच्या. काका आमच्या नात्यातले नाई, पन सारा गावच काका म्हनते तं आमी बी काका म्हनतो. विनकराचं घर, बापजाद्यापासून हातमागाचं काम, मंग काकानं कोशाच्या, म्हनजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान टाकलं. मानूस असा का जनमभर एक पान खाल्लं नाई का एक सिनेमा पाह्यला नाई, शौक एकच, ते मोटर. जुन्या जमान्यातली मोटर, गोल पाठ, मोठ्ठ्या बत्त्या, बोनेटवरची कंपनीची पाटी तं कवाच पडून गेली, आन काकानं तिले आपल्या मनासारखी करून घेतली होती. रंग पिकल्या जांभळाचा. मांगची सीट काढून अशी रुंद बसवली का तीन मानसं मांडी घालून बसन. आन ते काहून, तं अड्याळच्या आजूबाजूची नवरी त्याच गाडीत बसून सासरी जाये. काका स्वतः चालवत, कोनाच्या हाती स्टेरिंग देत नसत, आन एक पैसा घेत नसत. म्हनत, पोरीची पाठवनी हाये, भाडं कायचं घेतो मी.

पन त्या गाडीचे कब्जे बाहेरचे होते. तुमी बिजागरी म्हनत असान, आमच्या लाईनीत कब्जा म्हनतात. जुन्या गाड्याइचे कब्जे दरवाज्याच्या बाहेर, पत्र्यावर उठून दिसत, मुठीच्या हाडावानी. आन एका लग्नात का झालं, एका विनकराच्या पोरीचा पदर त्या कब्जात अटकला. बापानं स्वतः मागावर विनलेली कोशाची साडी, दीड महिना लागला होता त्याले. गर्दी लोटली, कोनीतरी दरवाजा लावला, आन पदर चर्रकन फाटला, हातभर. तो बाप लोंबते धागे बोटाले गुंडाळत उभा राहिला. काकानं गाडी आनून आपल्या घरच्या शेडमधे लावली आन वरसभर काढली नाई. कोनी लग्नाचं इचाराले आलं का म्हनत, बिघडली हाये. अशी चालू गाडी, आन म्हनत बिघडली हाये.

मंग एक दिवस काका गाडी घेऊन माह्या दुकानावर आले. म्हने, डोमा, हे कब्जे काढ. मी म्हनलो, काका, कब्जे काढले तं दरवाजा का देवाच्या भरोशावर राहीन का. तं म्हने, बाहेरचे काढ, अंदर बसव, नव्या गाडीवानी, पदर अटकाले काई बाहेर राहिलंच नाई पायजे. आन दोन महिन्यानं आमच्या रोशनीचं लग्न ठरलेलं, एकोडीचा पोरगा, प्रफुल, तांदळाच्या मिलवर सुपरवायझर. काका म्हने, पहिली तुह्यी पोरगी जाईन या गाडीत.

बस. मंग मले कोन धरते. मीनं बाकी सारे कामं बाजूले सारले. दरवाजा ज्या खांबाले लटकते तो खांब कापून त्यात डबी बसवाची, कब्जा त्या डबीत लपते, आन कब्जाचा दांडा असा इळ्यासारखा वाकडा घडवाचा, म्हनजे दरवाजा उघडताना आधी जरासा बाहेर येते आन मंग फिरते. तो वाक जेवढा मोठा तेवढा दरवाजा जास्त उघडन. पन वाक मोठा ठेवला तं डबी मोठी पायजे, म्हनजे खांब जास्त कापा लागते, आन तो खांब आतून जंगानं खाल्लेला होता. तो नवा बनवाचा म्हनजे पंधरा दिवसाचं काम, आन माह्याकडे पंधरा दिवस नवते. आन खरं सांगू का, दुसरी बी गोष्ट होती. लहान वाक ठेवला तं दरवाज्याची फट अशी बारीक येऊन राहिली होती का त्यात पोस्टकार्ड जाईन नाई. असं काम साऱ्या जिल्ह्यात कोनी केलं नसन. मले त्या फटीचा मोह पडला, दुसरं काई नाई.

तं मांगचे दोन्ही दरवाजे अर्धेच उघडत. मी स्वतः आत बसून पाह्यलं, पाय आधी, मंग आंग तिरपं करून. शेवंताले बसवलं, ते बी बसली. काका आले, गाडीभोवती दोन चक्कर मारले, हात फिरवला, कब्जे कोठी गेले ते त्याइले सापडेना, लगित खूश. मंग दरवाजा उघडून म्हने, डोमा, हा एवढाच उघडते का रे. आन मी, मोठा शहाना, म्हनलो, काका, नव्या गाड्या अशाच राहतात, आन मानूस बसते नं, मंग का पायजे. माहं तोंड पाहून काकानं दरवाजा हळूच लावून देल्ला.

लग्नाचा दिवस. मांडव आमच्याच शेडसमोर, दुपारचा मुहूर्त, जेवनं झाले, सांजचे चार वाजले असन. आता आमच्याकडची रीत तुमाले सांगा लागन. नवरदेवाचा शेला आन नवरीचा पदर याची गाठ मांडवात बांधतात, ते नवरदेवाच्या घरी देवापाशीच सोडाची, रस्त्यात नाई. आन गाडीत, छकड्यात, ज्यात जाईन त्यात, दोघांनी एकदम पाय टाकाचा, आधी एक मंग दुसरा असं नाई. हे मले मालूम नवतं का. माह्या लग्नात मी बी असाच शेवंतासोबत छकड्यात चढलो होतो. पन दरवाजा बसवताना माह्या डोक्यात एकच मानूस होता, तो बी मिस्त्री, फुलप्यांट घातलेला. दोघांचं माप घ्याचं म्हनून ध्यानातच आलं नाई बापा.

आन आमचे जवाई तब्बेतीनं भारी. खाऊन पिऊन सुखी गडी, त्यावर शेरवानी, त्यावर फेटा. रोशनी त्याच्या बाजूले, हातात नारळ. दोघांनी पाय उचलले आन दोघं बी दरवाज्यात अटकले. जवाई जरा पुढं झाले तं गाठ ताणली, रोशनीच्या खांद्यावरून पदर वढला. काकानंच देल्लेली साडी, कोशाची. मले तो आवाज ऐकू आला, चर्र, बारीकसा, फाटली नाई पन फाटाच्या आधी कपडा जसा बोलते तसा. मीनं काकाकडं पाह्यलं. काकाच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

दोघं मांगं झाले. पुन्हा गेले. पुन्हा अटकले. नवरदेवाची आत्या म्हने, कायले उशीर करता, गाठ सोडा आन बसवा एकेकाले, घरी गेल्यावर बांधू पुन्हा. आन शेवंता, जे कवा कोनासमोर तोंड उघडत नाई, ते म्हने, नाई आत्याबाई, माह्या पोरीची गाठ माह्या दारात सुटनार नाई. बँडवाला बी थांबला. रोशनी माह्याकडं पाहून राहिली, रडत नवती, नुसती पाहून राहिली, बाबा आता का करते म्हनून. मले वाटलं धरतीनं पोटात घ्यावं. साऱ्या जिल्ह्यात कोनी केलं नसन असं काम, आन त्याच कामानं पोरगी दारात उभी.

मंग डोकं फिरलं माहं, पन स्वतःवर. मी शेडमधी गेलो, पाना आनला आन नवा कोशाचा कुर्ता घातलेला तसाच मातीत बसलो. म्हनलो, सरका सारे. कब्जाचे बोल्ट कोठी लपले हे माह्याशिवाय कोनाले माहीतच नाई, आन ते हातानं चाचपून चाचपून काढा लागतात. आठ बोल्ट. काका दरवाजा धरून उभे, मी खोलून राहिलो. पूरा दरवाजाच काढून घेतला. मंग जागा अशी मोकळी झाली का माह्या पोरीनं आन जवायानं एकदम उजवे पाय उचलले आन आरामात गाडीत बसले. बायांनी अशा टाळ्या वाजवल्या का बँडवाल्याले बी जोर आला.

पन दरवाजा पुन्हा लावा लागते नं. आता काका पुन्हा दरवाजा धरून उभे, आन मी खाली बसून हात आत घालून बोल्ट कसून राहिलो. माह्या तोंडासमोर रोशनीचे पाय. आलता लावलेले, नवे जोडवे. का सांगू तुमाले, सकाळपासून मी पानी सांगतलं, जेवनं पाह्यले, व्याह्याइले पान-सुपारी केली, रडाले फुरसत नवती. आन तिथी आली. बोल्ट दिसेना. मी एक बोल्ट कसो, ढिला करो, पुन्हा कसो. रोशनी वरून हळूच म्हने, बाबा, झाला नं घट्ट. मी म्हनलो, थांब, एक आटा राहिला. पुन्हा म्हने, बाबा. मी म्हनलो, थांब नं वो माय, एक आटा. सारे आटे कवाच संपले होते. तिनं खाली वाकून माह्या डोक्यावर हात ठेवला, गाठ होती म्हनून जास्त वाकता येईना, आन मी ढसाढसा रडलो, साऱ्या वरातीसमोर, डोमा मिस्त्री.

दरवाजा लागला. आन तवा जवाई आतून म्हनतात, मामाजी, पन तिकडं गेल्यावर हे काढन कोन. सारे एकमेकाकडं पाहाले लागले. मंग जे हासू फुटलं, आत्याबाई बी हासल्या. आमच्याकडे पोरीचा बाप पाठवनीच्या दिवशी पोरीसोबत जात नाई, मांडवातच राहते, पाठराखीन जाते. पन करता का. जवाई म्हने, मामाजी, बसा पुढं. शेवंता डोळे पुसता पुसता म्हने, जा बाप्पा, तुमची बी पाठवनी होऊन जाऊ द्या.

तं मी पुढच्या सीटवर, हातात पाना, आन काका गाडी चालवून राहिले. मले वाटलं काका आता बोलतीन, म्हनतीन मीनं इचारलं होतं का नाई. पन लाखनी गेल्यावर काकानं वरचा आरसा फिरवून माह्याकडं केला. त्यात मले रोशनी दिसली. जवायाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड उघडं, लहानपनी झोपे तशीच. मी एकोडीपर्यंत रस्ता पाह्यलाच नाई. काका बिना आरशाचेच चालवत राहिले.

एकोडीले आमी पोचलो तं अंगनात बाया आरती घेऊन उभ्या, आन गाडीतून पह्यले उतरला कोन, तं पोरीचा बाप, पाना घेऊन, कुर्त्याले माती. व्याहीनबाईचे डोळे असे मोठ्ठे. मी म्हनलो, बाई, पाच मिनिटं द्या. आठ बोल्ट खोलले, दरवाजा काढला, दोघं एकदम उतरले. व्याहीनबाईनं पोरीले ओवाळलं, जवायाले ओवाळलं, आन मंग माह्याकडं वळून मले बी कुंकू लावलं. म्हने, लेकीले दारापर्यंत सोडाले बाप आला असं या घरानं पाह्यलं नवतं, चांगलं झालं. चहा आनला. आमच्याकडे पोरीच्या सासरचं पानी बी बाप पेत नाई, तिले लेकरू होईपर्यंत. मी म्हनलो, व्याहीनबाई, मी व्याही म्हनून नाई आलो, दरवाज्याचा मिस्त्री म्हनून आलो, मिस्त्रीले चहा चालते. दोन कप पेलो.

आन दरवाजा पुन्हा बसवाच्या आधी मी ते घर पाह्यलं. कोनी नाई म्हनलं नाई. तिची खोली पाह्यली, खिडकी कोनत्या बाजूले उघडते ते पाह्यलं, विहीर पाह्यली, विहिरीले कठडा हाये का ते हात लावून पाह्यलं, व्याही मांगं मांगं हासत राहिले. देवापाशी गाठ सुटली ते बी पाह्यली, माह्या डोळ्यानं. लगन ठरल्यापासून माह्या छातीवर जो दगड होता तो तिथीच उतरला. घरी शेवंतानं इचारलं, कसं हाये हो पोरीचं घर, तं मी तिले एक एक भिंत सांगतली.

त्यानंतर मीनं खांब पूरा नवा बनवला, पंधराचे वीस दिवस लागले, डबी मोठी केली, दांड्याचा वाक वाढवला. फट जरा जाड झाली, होऊ द्या. आन माप घ्याले मी आन शेवंता, माह्या दुपट्ट्याची आन तिच्या पदराची गाठ बांधून, दिवसाढवळ्या गाडीत चढलो उतरलो, चार डाव. अख्खं कारधा पाहाले आलं. कोनी म्हने, मिस्त्री, दुसरं लगन करून राहिले का. शेवंता लाजून लाल, पन उतरे नाई. आता दरवाजा असा पूरा उघडते का बैल आत जाईन. कोनता पदर अटकत नाई, कोनती गाठ ताणत नाई.

मांगच्या उन्हाळ्यात एक भाऊ आला माह्या दुकानावर, पवनीकडचा, धानाचा मानूस. त्याच्या पोरीचं लगन होतं आन काकाची गाडी सांगतली होती. म्हने, मिस्त्री, दरवाजा दाखवा. मी दाखवला, मोठ्या तोऱ्यात, पूरा उघडून. त्यानं उघडला, लावला, पुन्हा उघडला. तोंड उतरलं त्याचं. मी म्हनलो, काहून भाऊ, काई खोट हाये का. तं इकडं तिकडं पाहून हळूच म्हने, तो अटकनारा दरवाजा पुन्हा नाई बसत का. मले समजलंच नाई. मंग म्हने, तुमाले जाता आलं पोरीसंगं, एकोडीपर्यंत, मीनं ऐकलं हाये. माही पोरगी एवढ्या दूर, नदीच्या पलीकडं चालली, मले बी एक डाव पाहून येता आलं असतं.

मीनं काकाले फोन लावला. काका त्या लग्नात स्वतः उभे राहून साऱ्याइले सांगतात, दरवाजा जरा अटकते बरं का, तिकडं काढा लागन, पोरीच्या बापाले मिस्त्रीनं शिकवून ठेवलं हाये, त्याले पुढं बसू द्या. जनमात एकदाच, गाडी बिघडली म्हनून, खोटं बोललेला मानूस, आन तोंडावरची माशी हालत नाई त्याच्या. तवापासून सहा पाठवन्या झाल्या, सहाच्या सहा बाप पुढच्या सीटवर बसून गेले. काका तिकडं पोचले का गाडी जरा बाजूले लावतात, बापाले उतरवतात, पाच मिनिटं खाली वाकून बोल्ट खोलल्यासारखं कराले लावतात, आन दरवाजा उघडते.

आता लोकं मले म्हनतात, मिस्त्री, तुमचं एवढं चांगलं काम, आन साऱ्या तालुक्यात नाव झालं का डोमाचा दरवाजा अटकते. मी म्हनतो, अटकते तं अटकते. पोरी सुखात राहो, आन त्याइच्या बापाइनं तिकडचा चहा पेऊन यावं. येत्या रविवारी बी एक पाठवनी हाये, साकोलीकडं. त्या बापाचा सकाळीच फोन आला होता, मिस्त्री, दरवाजा अटकते नं अजून. मी म्हनलो, लगित अटकते भाऊ, तुमी जोडे घालून तयार राहा.